मिशीवाल्यांचं गाव

सोनमोहराच्या पिवळ्या पाकळ्या स्कूटरच्या सीटवर दिसायला लागल्या, की माझ्या जिभेवर पापडाच्या कच्च्या लाटीची चव येते. तेलात बुडवलेली, हिंगाची, मिऱ्यांची, पापडखारामुळे जिभेला हलकेच चावणारी लाटी. आज सकाळी ती चव आली. कॉलेजातले पेपर तपासून परत गेले आहेत, फ्रेंचच्या शिकवणीची मुलं गावाला गेली आहेत आणि मुलुंडचं ऊन सकाळीच अंगणभर पसरायला लागलं आहे. अशा दिवसांत मला रिकामं बसवत नाही. एका उन्हाळ्याने लावलेली ती सवय आहे.

त्या उन्हाळ्यात माझ्या हातात एक फ्रेंच कादंबरी होती, मराठीत आणण्यासाठी घेतलेली. तिचा लेखक नदीकाठच्या एका लहानशा गावातला, दस्तऐवज करणाऱ्या वकिलाचा मुलगा. तरुणपणी पॅरिसला जाऊन आला, तिथे त्याला कोणी विचारलं नाही. मग परत येऊन नगरपालिकेत जन्ममृत्यूची नोंद करणारा कारकून झाला आणि जन्मभर त्या एकाच गावावर लिहीत बसला. राजे, लढाया, क्रांती असलं त्याच्या कादंबऱ्यांत काही नाही. कोणी कोणाला जेवायला बोलावलं, कोणाला वगळलं, चर्चमध्ये पुढच्या बाकावर कोण बसलं, कोणाच्या दोरीवर कोणाचा सदरा वाळत होता, एवढंच. आणि ते वाचताना छातीत धडधडतं, हे त्याचं कसब. पुस्तकाच्या पाठीमागच्या फोटोत त्याच्या भरघोस मिशा होत्या, त्यामुळे आमच्या इमारतीत त्याचं नाव पडलं मिशीवाले. खरं नाव शेजाऱ्यांच्या जिभेला वळलं नाही. माझ्या वळतं, पण इथेही ते मिशीवालेच राहू देत.

आमची इमारत चार मजल्यांची, लिफ्ट नसलेली. माझे वडील अकोल्याकडून भांडुपच्या एका कारखान्यात नोकरीला आले आणि पुढे कर्ज काढून त्यांनी तिसऱ्या मजल्यावर घर घेतलं. समोरच्या दारात सावंत. सावंतकाकू मूळच्या मालवणच्या, आवाजाने खणखणीत. सकाळी दूध आत घ्यायला दार उघडलं की ते रात्री झोपतानाच बंद व्हायचं. जिन्यावरून जाणारा प्रत्येक माणूस त्यांच्या दारावरून जायचा, आणि त्या प्रत्येकाविषयी त्यांना काही ना काही ठाऊक असायचं. माझ्याविषयीही होतं. फ्रेंच शिकली, शहाणी झाली, लग्नाला काही उभी राहिली नाही, हे त्यांनी चारही मजल्यांना पुरवलेलं वाक्य. मला ते चुलत्याकडून, दूधवाल्याकडून आणि एकदा तर खुद्द त्यांच्याकडूनच ऐकायला मिळालं होतं.

फ्रेंच मी घेतलं ते मार्क मिळतात म्हणून. मराठीत मला मार्क मिळत नसत. घरी आई-अण्णा वऱ्हाडी बोलत, जिन्यात मालवणी ऐकू येई, रस्त्यावर मुंबईचं धेडगुजरी, आणि शाळेतल्या बाई वर्गात उभं करून माझी वाक्यं सुधारत. 'असं बोलत नाहीत' हे मी इतक्या वेळा ऐकलं की लिहायला बसलं की माझा हात आपोआप इस्त्री केलेले कपडे घालायचा. फ्रेंचमध्ये मला कोणी कधी असं म्हटलं नाही. तिथे सगळेच परके, त्यामुळे मी मोकळी.

त्या वर्षी पापड करायचे ठरले तेव्हा जागा गच्चीची होती आणि पुढारीपण काकूंचं. जुन्या साड्या पसरलेल्या, चारी कोपऱ्यांवर विटा, पाण्याच्या टाकीच्या सावलीत पोळपाट-लाटणी मांडलेली. सहासात बायका. त्यांत दुसऱ्या मजल्यावरची कुंदा माझ्या वयाची, वेसाव्याच्या कोळीवाड्यातली लेक, महापालिकेच्या शाळेत शिकवणारी, तोंडाने फटकळ. माझे पापड पाहून काकूंनी माझ्या हातातलं लाटणं काढून घेतलं.

"हे पापड आहेत की नकाशे? ऊठ. हल्ली दिवसभर काय लिहीत बसतेस ते वाच आम्हाला. हात गुंतलेत, कान मोकळे आहेत."

मी खाली जाऊन पहिलं प्रकरण घेऊन आले. गावचा महापौर पावाच्या दुकानात येतो आणि पाववालीशी हवापाण्यावर बोलतो, असा साधा प्रसंग. माझ्या मराठीत पाववाली म्हणत होती, "आपल्या प्रकृतीविषयी मजला चिंता वाटत होती, महोदय."

कुंदाचं लाटणं थांबलं. "कोण बोलतं गं असं? पाव विकते की बातम्या देते?"

बायका हसल्या. मीही हसले, पण खाली आल्यावर मूळ पान उघडून बसले. मिशीवाल्यांची पाववाली अजिबात तशी बोलत नव्हती. ती अर्धी वाक्यं टाकत होती, शब्द गिळत होती, महापौराच्या पोटाकडे बघत त्याला बरं आहे ना विचारत होती. तिची वाक्यं सुधारायला तिच्याकडे कोणी बाई पाठवली नव्हती. पाठवली होती मी. माझ्या शाळेतली.

मग मी सगळं फाडून पुन्हा सुरुवात केली. त्या दिवसांचं सुख मला अजून आठवतं. खिडकीबाहेर कोकीळ घसा फोडून ओरडत असायचा, टेबलाखाली आंब्याची पेटी गवतात घमघमत असायची आणि फ्रान्समधल्या त्या थंड, धुकट गावातली माणसं एकेक करून माझ्याकडे यायची आणि बोलायला लागायची. महापौराला मी आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीचा घसा दिला. पाववालीला कुंदाचं तोंड. म्हाताऱ्या पाद्र्याला अण्णांचं वऱ्हाडी हेल काढून बोलणं. शब्द वऱ्हाडी नव्हते, चाल ती होती. माझं कुठेही अडत नव्हतं. इतकी वर्षं जिन्यात, नळावर, गच्चीत जे कानात साठलं होतं ते सगळं कामाचं निघालं.

गच्चीतलं वाचन रंगायला लागलं. पापड संपले तर कुरडया काढल्या, कुरडया संपल्या तर सांडगी मिरच्या. पुढे काय झालं हे ऐकायला खालच्या मजल्यावरच्या नवीन सुनाही येऊन बसायला लागल्या. गोष्ट अशी होती: गावात एक शिवणकाम करणारी तरुण बाई येऊन राहते. कडेवर तान्हं मूल, आणि नवऱ्याचा पत्ता नाही. गाव बोलायला लागतं. सगळ्यांत जास्त बोलते ती औषधवाल्याची बायको. दुकानाच्या वरच्या खिडकीत ती पडद्याआड बसलेली असते आणि प्रत्येक चहाडीच्या आधी ती एकच वाक्य म्हणते. मिशीवाल्यांनी तिला दिलेलं ते वाक्य मराठीत कसं आणायचं यावर मला एक क्षणही विचार करावा लागला नाही. ते तयारच होतं. 'मला काय करायचंय म्हणा, मी आपलं सांगते.'

ते मी गच्चीत वाचलं. आधी एका बाईने तोंडाला पदर लावला. मग दुसरी खुदकली. मग सगळ्या एकदम काकूंकडे बघायला लागल्या आणि हसू आवरेना.

काकू हसल्या नाहीत. अर्धवट लाटलेला पापड त्यांनी पोळपाटावरून उचलला, त्याचा पुन्हा गोळा केला, हात पुसले. "आज एवढाच," म्हणाल्या आणि आपलं लाटणं घेऊन जिना उतरून गेल्या.

दुसऱ्या दिवशी गच्चीत कोणी आलं नाही. आणि मला आठवतं तेव्हापासून पहिल्यांदाच समोरचं दार दिवसा बंद दिसलं.

मिशीवाल्यांच्या बाबतीत हेच झालं होतं. पुस्तकाच्या प्रस्तावनेत ते सगळं दिलेलं आहे. दुसरी कादंबरी आली आणि गावाने स्वतःला ओळखलं. खाटीक त्यांना मांस न बोलता कागदात गुंडाळून द्यायला लागला. रस्त्यात लोक समोरच्या बाजूने जायला लागले. ज्या बहिणीबरोबर ते राहत तिने त्यांचं ताट वाढून ठेवून आपल्या खोलीत जेवायला सुरुवात केली. त्यांना पॅरिसला निघून जाता आलं असतं. आता तिथे त्यांची पुस्तकं वाचली जात होती. ते गेले नाहीत. रोज त्याच कचेरीत गेले, त्याच खाटकाकडे उभे राहिले आणि पुढची कादंबरीही, म्हणजे माझ्या हातातली, त्याच गावावर लिहिली. त्या उन्हाळ्याआधी मला तो हट्टीपणा वाटायचा. समोरचं दार बंद झाल्यावर मला समजलं की ज्या माणसांचा आवाज कानात घेऊन आपण लिहितो, ती बोलेनाशी झाली तर घरात किती शांतता होते.

रविवारी आमच्याकडे काकूंच्या माशांच्या सारातली एक वाटी यायची. आई होती तेव्हापासून, आई गेल्यावरही. त्या रविवारी आली नाही.

कुंदा संध्याकाळी आली. "काढून टाक ना यार ते वाक्य. दुसरं काहीतरी घाल. कोणाला कळणार आहे?"

"मला कळेल," मी म्हटलं. "ते वाक्य बरोबर आहे, कुंदा. त्याच्याइतकं बरोबर दुसरं नाही."

"मग काकूंना काय सांगशील?"

"वाचून दाखवीन. पुढचं."

प्रकाशकांचंही तेच चाललं होतं, वेगळ्या अंगाने. घाटकोपरला त्यांच्या छोट्याशा कचेरीत, पंख्याखाली फडफडणारी माझी पानं पेपरवेटने दाबून ते म्हणाले, "मॅडम, वाचायला मजा येते, पण हे फ्रान्स वाटत नाही. मुलुंड वाटतं."

"धुकं आहे, चर्च आहे, नदी आहे, सगळे कोट घालून फिरताहेत," मी म्हटलं. "गाव फ्रान्सचंच आहे. पण ही माणसं आपापल्या गावात परकी नाहीत, म्हणून माझ्या भाषेतही त्यांना परकं ठेवायचं नाही. असंच छापायचं असेल तर छापा."

पूर्वी मी असं बोलू शकले नसते. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि चहा मागवला. म्हणजे छापणार होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी हिवाळ्याचं प्रकरण घेऊन सावंतांच्या दारापुढे गेले. आतलं लाकडी दार किलकिलं होतं, बाहेरचं जाळीचं दार बंद. आत टीव्ही मोठ्याने लागलेला. मी बेल वाजवली नाही. माफी मागायला मी आलेच नव्हते. जिन्याच्या पायरीवर बसले आणि वाचायला लागले.

या प्रकरणात शिवणकामवालीचं मूल आजारी पडतं. रविवार असतो, बर्फ पडत असतं, दुकानं बंद. तिच्या दारावर कोणी जात नाही, कारण गावाने तिच्याकडे जाणं केव्हाच सोडलेलं असतं. फक्त समोरच्या खिडकीतून औषधवाल्याच्या बायकोला दिसतं की आज त्या घरातून धूर निघालेला नाही. ती नवऱ्याला न विचारता खाली येते, दुकान उघडते, औषध घेते, कोळसा घेते आणि रस्ता ओलांडून जाते. मूल वाचतं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हीच बाई पाववालीच्या दुकानात उभी राहून त्या घरात किती पसारा होता हे सगळ्यांना सांगते.

वाचता वाचता माझ्या लक्षात आलं की टीव्हीचा आवाज कमी झाला आहे. मग बंदच झाला. मी शेवटचं वाक्य वाचलं: 'असा त्या ढोंगी बाईचा रविवार गेला.'

जाळीचं दार खाडकन उघडलं.

"ढोंगी?" काकू म्हणाल्या. "ढोंगी कशी गो ती? बर्फातून गेली ना? कोळसा घेऊन गेली ना?"

"गेली. पण दुसऱ्या दिवशी बोललीच की."

"बोलणारच! तोंड आहे तर बोलणार. पण बोलणं वेगळं, जाणं वेगळं. जी बघतच नाही तिला धूर निघाला नाही हे कळणार कसं?" त्या दम घ्यायला थांबल्या. मग आवाज खाली आला. "मी तुझ्याविषयी बोलले, सुजाता. सगळीकडे बोलले. लग्नावरून बोलले, कपड्यांवरून बोलले. आणि तुझी आई न्हाणीघरात पडली तेव्हा तू कॉलेजात होतीस. दार मी फोडून घेतलं होतं. तिचा आवाज आला नाही म्हणून. रोज दुपारी नळाखाली भांडी घासताना ती गाणं म्हणायची, ते त्या दिवशी आलं नाही. माझा कान तुमच्या घरात होता म्हणून ती पुढे चार वर्षं जगली."

मला ते ठाऊक होतं. पण अशा रीतीने, एका कानाची गोष्ट म्हणून, मी ते कधी ऐकलं नव्हतं.

मी घरात गेले आणि मूळ पुस्तक घेऊन आले. काकूंच्या स्वयंपाकघरात, ओट्याजवळच्या स्टुलावर बसून ते वाक्य शोधलं. फ्रेंचमध्ये तिथे 'ढोंगी' नव्हतं. काहीच नव्हतं. 'असा त्या बाईचा रविवार गेला' एवढंच होतं. विशेषण माझं होतं. मिशीवाल्यांनी त्या बाईला नाव ठेवलंच नव्हतं. ज्या बायकांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं त्यांच्यापैकीच एक असणार ती, आणि तरी त्यांनी तिचं सगळं लिहिलं होतं, पडद्याआडचे डोळेही आणि कोळशाचं टोपलंही, आणि दोन्हींच्या मध्ये बेरीज-वजाबाकी न करता ते बाजूला झाले होते. लहान गावाचं लिहिणं म्हणजे लहान मनाचं लिहिणं नव्हे, हे मला तिथे, त्या ओट्याशी, पक्कं समजलं. आजपर्यंत ते ढळलेलं नाही.

मी पेनने 'ढोंगी' खोडलं. काकूंना वाचून दाखवलं.

"हां," त्या म्हणाल्या. "आता कसं."

"आणि ते वाक्य? मला काय करायचंय म्हणा?"

"ते राहू दे. तिच्या तोंडी शोभतं." त्यांनी पातेल्यावरचं झाकण काढून सारात डाव फिरवला. "फक्त तिला गच्चीत वाचशील तेव्हा नीट वाच. तू फार घाईने वाचतेस. त्या वाक्याच्या आधी जरा थांबायचं असतं. इकडेतिकडे बघायचं असतं."

पुस्तक पावसाळ्यानंतर आलं. काही लोकांनी वाचलं, काहींनी पत्रं पाठवली, एका मासिकाने भाषेवरून नाक मुरडलं. मला कशाचंच काही वाटलं नाही. मला माझं मराठी सापडलं होतं आणि ते कोणी परत घेऊन जाणार नव्हतं. पुढे मी मिशीवाल्यांच्या आणखी कादंबऱ्या केल्या, प्रत्येक उन्हाळ्यात एक, आणि कशासाठीही मला शाळेतल्या बाईंची आठवण आली नाही.

गेल्या वर्षी आमची इमारत पुनर्विकासाला गेली. कोणाचीच तक्रार नव्हती. गळक्या टाक्यांचा आणि जिन्यांचा सगळ्यांनाच कंटाळा आला होता. जो तो भाड्याच्या घरी पांगला. कुंदा वेसाव्याला भावाकडे, मी दोन गल्ल्या सोडून, सावंत भांडुपच्या एका उंच टॉवरमध्ये. सामान बांधताना मी प्रस्तावनेचं शेवटचं पान पुन्हा वाचलं. मिशीवाले वारल्यावर काही वर्षांनी युद्धात त्यांचं गाव जवळजवळ सगळं पडलं. नवीन बांधलं तेव्हा म्हाताऱ्यांना औषधाचं दुकान नेमकं कुठे होतं हे आठवेना, तर कोणीतरी त्यांची कादंबरी आणून पान काढून दाखवलं. पूर्वी मला त्या मजकुरात लेखकाचा विजय दिसायचा. रिकाम्या घरात, भिंतीवर तसबिरींच्या जागी राहिलेल्या चौकोनांकडे बघत वाचताना मला त्या म्हाताऱ्यांचा हेवा वाटला.

परवा मी काकूंकडे गेले. खाली पहारेकऱ्याने नाव लिहून घेतलं, फोटो काढला. लिफ्टमधल्या कोणीही मान वर केली नाही. मजल्यावर लांबच लांब गुळगुळीत बोळ आणि दोन्हीकडे बंद दारं. एकच उघडं होतं, त्यात खुर्ची टाकून काकू बसल्या होत्या. केस सगळे पांढरे झालेत, आवाज तोच.

"बघ," त्या म्हणाल्या. "सकाळपासून बसलेय. चार माणसं गेली. एकाने विचारलं नाही, तू कोण. सुनेशी मुद्दाम दार उघडं ठेवून भांडले त्या दिवशी. कोणी डोकावलं नाही गो! इथे माझ्याविषयी कोणी काही बोलतच नाही. माणसाने जगायचं कसं?"

मी हसले. त्या हसल्या नाहीत. खुर्ची जरा पुढे ओढून त्यांनी समोरच्या दाराकडे हनुवटीने खूण केली.

"तिथे एक पोरगी राहते. एकटी. नागपूरकडची असावी, फोनवर बोलते त्यावरून. सकाळी जाते, अंधार पडल्यावर येते. चपला फार आहेत तिच्याकडे." मग आवाज बदलला. "कालपासून गेलेली नाही. दाराला अडकवलेली दुधाची पिशवी तशीच आहे."

"सुट्टी असेल, काकू. झोपली असेल. इथे असं कोणाच्या दारावर जाणं लोकांना आवडत नाही."

"न आवडू दे."

गुडघ्यावर हात टेकून त्या उठल्या. बोळ ओलांडला, बेलवर बोट ठेवलं आणि ते काढलंच नाही. आत बराच वेळ काही हललं नाही. मग कडी वाजली. पंचविशीतली एक मुलगी, केस विस्कटलेले, दाराच्या चौकटीला धरून उभी. काही बोलायच्या आत काकूंनी तिच्या कपाळाला हात लावला आणि हात तसाच ठेवून माझ्याकडे वळून ओरडल्या, "सुजाता, बघत काय उभी राहिलीस? पेज टाक आधी!"

मी काकूंच्या स्वयंपाकघरात जाऊन तांदूळ धुवायला घेतले. मागून काकूंचा आवाज येत होता. नाव काय, आई कुठे असते, एवढा ताप येईस्तोवर कोणाला फोन का नाही केलास, आणि घराची ही काय दशा.